पाण्याची पाळी आणि माणसाचा भरवसा

वरून कोणी धाक न घालता आपला कारभार आपणच चालवावा, इतका माणसांचा परस्परांवर विश्वास बसू शकतो काय, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या ग्रंथांत फार मोठ्या शब्दांत मांडलेला आढळतो. परंतु त्याचे मूळ रूप पाहावयाचे असेल तर डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्ववेत्त्याने मानवी स्वभावावरील आपल्या प्रबंधात, १७४० साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या खंडात, दिलेल्या दोन शेतकऱ्यांच्या दाखल्याकडे वळावे. एकाचे पीक आज कापणीला आले आहे, दुसऱ्याचे उद्या येणार आहे. आज दुसऱ्याने पहिल्याला हात द्यावा आणि उद्या पहिल्याने त्याची फेड करावी, यात दोघांचेही हित उघड आहे. तथापि, याचे काम एकदा उरकल्यावर हा माझ्या बांधाकडे फिरकेल याला जामीन कोण, असा विचार दुसऱ्याच्या मनात येतो, तो घरी बसून राहतो, ऋतू पालटतो आणि केवळ भरवसा नसल्यामुळे दोघांचेही धान्य शेतात वाया जाते. याच खंडात ह्यूमने पुढे असे म्हटले आहे की, सामाईक कुरणात साचलेले पाणी काढून टाकण्याचा करार दोन शेजाऱ्यांना सहज जमेल, कारण एकाने अंग काढून घेतले की काम बुडाले हे दोघांनाही कळते. पण हजार माणसांना तोच करार साधणे जवळजवळ अशक्य आहे, कारण त्यांतला प्रत्येकजण कष्टाचा आणि खर्चाचा भार इतरांवर लोटू पाहील. सरकार नावाच्या संस्थेची आवश्यकता त्याने येथून सिद्ध केली. त्याच्या आधी सुमारे नव्वद वर्षे, इंग्लंडमधील यादवीचा अनुभव ताजा असताना, टॉमस हॉब्सने १६५१ च्या ‘लेव्हायथन’मध्ये याहून कठोर निष्कर्ष काढला होता: ज्या करारामागे तलवार नाही तो करार माणसाला सुरक्षित ठेवू शकत नाही.

या दोघांचे म्हणणे हलके लेखण्याजोगे मुळीच नाही. ज्याने सामाईक विहिरीचा गाळ काढण्यासाठी घरटी एक माणूस गोळा करण्याचा खटाटोप एकदा तरी केला असेल, त्याला ह्यूमचे हजार शेजारी चांगले परिचयाचे वाटतील. पण ह्यूमच्या देशात पाणी काढून टाकण्याचा प्रश्न होता. आमच्या खानदेशात आणि बागलाणात तो पाणी वाटून घेण्याचा होता, आणि वाटणीचा प्रश्न निचऱ्याच्या प्रश्नाहून कितीतरी अवघड असतो. निचऱ्यात अंग चोरणारा फार तर आपले कष्ट वाचवतो. वाटणीत हात मारणारा दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून घेतो. असे असूनही सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून निघून तापीला मिळणारी पांझरा आणि गिरणेला मिळणाऱ्या मोसम व आरम यांसारख्या नद्यांच्या काठी शेतकऱ्यांनी एक व्यवस्था उभी केली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवली. तिला ‘फड’ म्हणतात, आणि तिचे वय सामान्यतः तीन-चारशे वर्षांचे मानले जाते. तेवढ्या अवधीत या मुलुखावरून मोगल गेले, मराठे गेले, भिल्लांचे उठाव आणि पेंढाऱ्यांच्या धाडी होऊन गेल्या, इंग्रज येऊन गेले. तलवारी बदलत राहिल्या आणि पाण्याची पाळी बहुतांशी चालत राहिली.

या व्यवस्थेची रचना तपशिलाने पाहिल्याशिवाय तिचे मर्म ध्यानात येत नाही, म्हणून वाचकाने थोडा धीर धरावा. नदीच्या पात्रात आडवा दगडी बंधारा घालावयाचा. त्याच्या एका अंगाने कालवा, म्हणजे पाट, काढावयाचा. हा पाट कोठे दोन किलोमीटर तर कोठे दहा-बारा किलोमीटर लांब असतो. पाटातून चाऱ्या फुटतात, चाऱ्यांतून सारंग नावाचे छोटे दांड निघून शेताशेतात जातात, आणि जादा झालेले पाणी सांडव्यांवाटे पुन्हा नदीला मिळते. या पाटाखाली भिजणाऱ्या सर्व जमिनीचे मोठाले भाग पाडलेले असतात, बहुधा चार. हा प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडाचे क्षेत्र दहा हेक्टरांपासून दोनशे हेक्टरांपर्यंत काहीही असू शकते. एका वर्षी एका फडात एकच पीक घ्यावयाचे, हा पहिला नियम. या फडात ऊस ठरला तर सर्वांचा ऊस. त्या फडात गहू वा हरभरा ठरला तर सर्वांचा तोच. आणि पुढच्या वर्षी पिकांची ही पाळी फिरवावयाची, म्हणजे जमिनीलाही विसावा मिळतो. दुसरा नियम, किंवा नियमाहून अधिक जुनी वहिवाट, अशी की शक्यतोवर प्रत्येक हिस्सेदाराची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असावी.

आता या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात. एका फडात सर्वांचे पीक एकच असल्यामुळे सर्वांची पाण्याची गरज एकाच वेळी आणि जवळपास सारखीच येते. माझ्या उसाला आठ दिवसांनी पाणी हवे आणि तुझा हरभरा एका पाण्यावर निघतो, असा वाद मुळातच उद्भवत नाही. आणि प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे पाटाच्या तोंडाशी असणारा आणि शेवटाला असणारा, असे शेतकऱ्यांचे दोन कायमचे तट पडत नाहीत. जो एका फडात वरच्या अंगाला आहे तोच दुसऱ्या फडात खालच्या अंगाला असतो. पाणीवाटपाच्या जगातील जवळपास प्रत्येक भांडणाचे मूळ वरच्या आणि खालच्या अंगाच्या या विषमतेत आहे. वरच्याचे हात आधी पाण्याला लागतात आणि खालच्याला उरलेसुरले मिळते. फडाने वरच्या माणसाला सज्जन होण्याचा उपदेश केला नाही; त्याला खालचाही करून ठेवला.

दुष्काळाच्या वर्षी या योजनेचे शहाणपण सर्वांत स्पष्ट दिसते. नदीला पाणी कमी असेल तर हंगामाच्या आरंभीच पंच एकत्र बसून ठरवतात की यंदा चारांपैकी एक फड किंवा दोन फड कोरडे ठेवावयाचे. कोणाच्या जमिनीचे पाणी तोडावयाचे हा प्रश्न, जो अन्यत्र कुऱ्हाडी-काठ्यांपर्यंत जातो, तो येथे फारसा उपस्थितच होत नाही. कारण कोरड्या फडात सर्वांचीच जमीन आहे आणि ओल्या फडातही सर्वांचीच आहे, त्यामुळे झीज ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे आपोआप वाटली जाते. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याकडे असते. तो सर्वांचा मिळून नेमलेला चाकर. शेतकऱ्याने आपल्या हाताने दांड फोडावयाचा नाही, पाटकरीच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने शेते भिजवत जातो. उभ्या पिकाच्या राखणीला जागल्या आणि या सर्वांच्या कामावर देखरेखीला हवालदार. पावसाळ्याच्या आधी पाटातील गाळ काढण्यासाठी प्रत्येकाने आपल्या हिश्श्याच्या प्रमाणात माणसे द्यावयाची. न देणाऱ्यावर दंड.

बारकाईने पाहता येथे प्रत्येक नियम एकेका मोहाची वाट बंद करतो. पाण्याच्या दाराला शेतकऱ्याचा हात लागत नाही, त्यामुळे रात्री चोरून दार उघडण्याचा संशय उरत नाही. पाटकरी एकाचा नोकर नसून सर्वांचा असल्यामुळे त्याला एका घरची मर्जी राखून दुसऱ्याचे पाणी कापणे परवडत नाही. आणि शेत ओळीने भिजत असल्यामुळे आपली पाळी केव्हा येणार आणि शेजाऱ्याची झाली की नाही, हे बांधावर उभे राहून कोणालाही डोळ्यांनी पाहता येते. मला हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पांझरेकाठचे शेतकरी इतर शेतकऱ्यांहून अधिक साधुवृत्तीचे होते असे मानण्यास कोणताही आधार नाही. त्यांच्यात भाऊबंदकी होती, बांधाच्या तक्रारी होत्या, मानपानाचे हेवेदावेही होते. फरक इतकाच, की त्यांच्या व्यवस्थेत विश्वास ठेवणे हा जुगार उरला नव्हता. ह्यूमच्या दोन शेतकऱ्यांत विश्वास आधी हवा होता आणि काम नंतर व्हावयाचे होते. फडात काम आधी सुरू झाले, दर आठवड्याला ते डोळ्यांसमोर घडत राहिले, आणि त्याच्या मागोमाग विश्वास आला.

हीच गोष्ट ह्यूमनंतर दोन शतकांनी विद्वानांच्या जगात मोठ्या वादाचा विषय झाली. १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने सामाईक कुरणाचे एक चित्र रंगवले: प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर चरावयास सोडतो, कारण लाभ त्याच्या एकट्याचा आणि हानी सर्वांत वाटलेली, शेवटी कुरण उजाड होते. अशा वस्तूंचा बचाव करावयाचा तर त्या खाजगी मालकीच्या तरी कराव्यात किंवा सरकारी बंदोबस्ताखाली तरी आणाव्यात, असा निष्कर्ष त्यावरून जगभरच्या सरकारांनी काढला. त्याला सर्वांत भक्कम उत्तर दिले ते एलिनॉर ऑस्ट्रम या राज्यशास्त्रज्ञ बाईंनी. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी स्वित्झर्लंडमधील कुरणे, जपानमधील सामाईक वने, फिलिपिन्समधील पाटबंधारे आणि स्पेनमधील कालवे यांचा अभ्यास मांडून दाखवले की, कोठे कोठे अशी माणसे शतकानुशतके आपली सामाईक संपत्ती स्वतःच सांभाळीत आली आहेत, कोठे कोठे ती अपयशीही झाली आहेत, आणि दोहोंतील फरक माणसांच्या जातकुळीत नसून नियमांच्या घडणीत आहे. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

त्यांच्या उदाहरणांपैकी एकाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, कारण त्यात फडाचा सख्खा भाऊ भेटल्यासारखे वाटते. स्पेनमधील वॅलेन्सिया शहरात तुरिया नदीच्या पाण्यावर चालणारे आठ कालवे आहेत. प्रत्येक कालव्याचे शेतकरी आपला एक प्रतिनिधी निवडतात, आणि हे आठजण दर गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला तेथील मुख्य चर्चच्या एका दाराशी, भर चौकात, लोकांच्या देखत न्यायासनावर बसतात. कोणी पाळी नसताना पाणी घेतले, कोणी ते वाया घालवले, कोणी आपल्या वाट्याचा पाट साफ केला नाही, अशा तक्रारी तोंडी मांडल्या जातात, तोंडीच उत्तर दिले जाते, आणि निकाल जागच्या जागी लागतो. वकील नाही, कागदांचे दप्तर नाही. ज्या कालव्यातील मामला असेल त्याच्या प्रतिनिधीला त्या निवाड्यात भाग घेता येत नाही, आणि आरोपी नदीच्या एका तीरावरचा असेल तर निकालाचा प्रस्ताव दुसऱ्या तीरावरच्या न्यायाधीशांकडून यावा लागतो. न्यायाधीश स्वतः शेतकरीच असतात. त्यांना पाण्याची चोरी कशी होते हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

येथपर्यंत आलेला मराठी वाचक साहजिकच म्हणेल की यात नवल ते काय, आपल्याकडे गोतसभा होतीच. खरे आहे. पेशवाईच्या अखेरीपर्यंत महाराष्ट्रातील वतनाचे, वाटणीचे आणि सीमेचे तंटे गोतसभेत चालत. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांच्याबरोबर बलुतेदारही तेथे बसत, आणि निवाड्याचा महजर झाला म्हणजे पाटील नांगराची, आणि लिहिता न येणारे बलुतेदार आपापल्या धंद्यातील हत्यारांची निशाणी करून त्यावर साक्ष घालीत. साक्षीपुराव्याने निकाल लागेना, म्हणजे दिव्य करावयाचे; तापलेल्या तेला-तुपातून रवा काढावयाचा आणि हात भाजतो की नाही यावर खरेखोटे ठरवावयाचे. जेथे माणसाच्या शब्दावरचा विश्वास संपला तेथे गोतालाही देवाकडे धाव घ्यावी लागली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात त्याने या गावगाड्याची वाखाणणी केली आणि वरचे प्रत्येक राज्य नाहीसे झाले तरी ही गावे आपल्या माणसांचे रक्षण करण्यास बहुतांशी समर्थ आहेत, अशा आशयाचे मत दिले. चार्ल्स मेटकाफने १८३० साली उत्तर हिंदुस्थानातील गावांना छोटी प्रजासत्ताके ठरवले. पुढे स्वराज्याच्या चळवळीत हे दोन्ही दाखले फार आवडीने दिले जाऊ लागले.

पण या चित्रावर घेतलेला सर्वांत गंभीर आक्षेप याच महाराष्ट्रातून आला, आणि तो टाळून या विषयावर काहीही लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे राज्यघटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेटकाफच्या स्तुतीचा उल्लेख करून तिचा परखड समाचार घेतला. गाव म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे घर, असे त्यांचे म्हणणे होते. आणि मसुद्याने गावाला बाजूस सारून व्यक्तीला घटक मानले याचा त्यांनी आनंद व्यक्त केला. हा केवळ तात्त्विक मतभेद नव्हता. त्यांच्या मागे महाडचा अनुभव होता, आणि तो अनुभवही पाण्याचाच होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा ठराव सीताराम केशव बोले यांनी मांडून १९२३ साली मुंबई विधिमंडळात संमत करून घेतला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचे हजारो सत्याग्रही तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द करून टाकला. न्यायालयातून शेवटचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागावयास १९३७ साल उजाडले.

नगरपालिका हीसुद्धा स्वराज्य संस्थाच होती, ही गोष्ट येथे विसरता कामा नये. तळ्याभोवतीच्या सवर्ण मंडळींचा आपसांत पुरेपूर विश्वास होता. तळे बंद ठेवण्याच्या कामी ती एका दिलाने, एका विचाराने वागली. म्हणजे परस्परविश्वासाने स्वतःचा कारभार चालवण्याची क्षमता माणसांत आहे, एवढे सिद्ध झाल्याने प्रश्न सुटत नाही. तो विश्वास कोणाकोणात आहे आणि कोणाला बाहेर ठेवून उभारलेला आहे, हे विचारावेच लागते. गोतसभेच्या महजरावर ज्यांची निशाणी असे त्यांच्या घरातील बायकांची निशाणी सामान्यतः नसे. आणि फडाची जी स्तुती मी वर केली तिलाही हाच आक्षेप लागू आहे: फडाची समता हिस्सेदारांची समता होती. पाटाखाली ज्याची जमीन नाही, त्या मजुराला पाण्यात हिस्सा नव्हता. जागल्या पिकाची राखण करी, पण त्या पिकाच्या पाण्यात त्याचा वाटा नसे, त्याला फक्त कामाचा मोबदला मिळे. माझ्या मते आंबेडकरांचा आक्षेप गावकीचा विचार निकालात काढत नाही. तो त्या विचारापुढे कोणालाही बाहेर न ठेवण्याची एक अट ठेवतो, आणि ती अट पुरी केल्याशिवाय गावकीला स्वराज्य म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. घटना समितीने पुढे ग्रामपंचायतींचा उल्लेख असलेले चाळीसावे कलम स्वीकारले. परंतु ती अट कायद्याच्या भाषेत उतरली ती १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जेव्हा पंचायतींत अनुसूचित जाती-जमातींना त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना निदान एकतृतीयांश जागा राखून ठेवाव्या लागल्या.

कायद्याच्या आधी एका माणसाने ती अट पाण्याच्या व्यवहारात उतरवून पाहिली होती. १९७२ च्या भीषण दुष्काळात पुण्याचे उद्योजक आणि अभियंता विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातील दुष्काळी कामांवर गेले. हजारो शेतकरी खडी फोडीत बसलेले त्यांनी पाहिले आणि नायगावच्या माळावर त्यांनी आपला प्रयोग मांडला. त्यातून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. तिचे नियम थोडे आणि ठाम होते. पाण्याचा हक्क जमिनीला नाही, माणसाला: घरातील दर माणशी अर्ध्या एकराचे पाणी, आणि एका कुटुंबाला अडीच एकरांहून अधिकाचे नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. ऊस लावावयाचा नाही. आणि सर्वांत क्रांतिकारक कलम हे, की भूमिहीनालाही पाण्यात हिस्सा. योजनेच्या खर्चाचा काही भाग लाभार्थ्यांनी स्वतः उचलावयाचा, म्हणजे ती कोणाची मेहेरबानी राहत नाही. ज्याच्याजवळ बारा एकर आहेत त्याने अडीच एकरांच्या पाण्यावर संतोष मानावा आणि उरलेले पाणी शेजारच्या मजुराच्या नावे जाऊ द्यावे, असे म्हणणे सोपे आहे. दुष्काळी पुरंदरमध्ये काही गावांनी ते काही काळ तरी प्रत्यक्षात आणून दाखवले, ही मराठी समाजाच्या अलीकडच्या इतिहासातील फार मोलाची गोष्ट आहे, आणि तिची आठवण आम्ही पुरेशी ठेवलेली नाही याचे मला दुःख होते.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड वस्तीच्या गावाने याहून एक पाऊल पुढे टाकले आहे. तेथे बहुमताने निर्णय होत नाही. सर्वांची सहमती होईपर्यंत ग्रामसभा पुन्हा पुन्हा बसते आणि स्त्री-पुरुष दोघेही तीत बोलतात. एकट्याचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो. यात वेळ फार जातो, हा आक्षेप खरा आहे. परंतु बहुमताने हरलेला माणूस पुढच्या कामातून अंग काढून घेतो आणि मग त्याच्यावर पहारा ठेवावा लागतो. तो वेळ मात्र सहसा कोणी हिशेबात धरत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्काचा दाखला देशात प्रथम मिळवणाऱ्या गावांत मेंढा-लेखा होते, आणि २०११ साली आपल्या जंगलातील बांबूच्या वाहतुकीचे परवाना-पुस्तक गावाच्या हाती आले.

आता ह्यूमच्या हजार शेजाऱ्यांकडे परत यावयास हवे. फड, वॅलेन्सिया, नायगाव, मेंढा या साऱ्या ठिकाणी माणसे एकमेकांना तोंडाने ओळखत होती. ओळख संपते तेथे काय करावयाचे? या प्रश्नाचे एक उत्तर तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात लोणीच्या परिसरात सापडते. विठ्ठलराव विखे पाटलांनी तेथील शेतकऱ्यांना भागभांडवल घालावयास लावून जो सहकारी साखर कारखाना उभारला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ साली झाला. एवढ्या विस्तृत टापूतील, भिन्न भावक्यांतील, एकमेकांना केवळ नावाने ओळखणाऱ्या शेतकऱ्यांनी आपला पैसा कोणाच्या हवाली करावा? अध्यक्षपदी आले ते धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्राध्यापक. त्यांचा ऊस तेथे नव्हता, भाऊबंद तेथे नव्हते, कोणत्याही तटाशी त्यांचा संबंध नव्हता. विखे पाटलांसारख्या मुरलेल्या माणसाने स्वतः मागे राहून हा परका गृहस्थ पुढे केला, यात मला त्यांची सर्वांत मोठी दूरदृष्टी दिसते. कारण ओळखीच्या पलीकडे गेलेल्या विश्वासाला उघड्या हिशेबाचा आणि निःपक्ष हाताचा आधार लागतो, हे त्यांनी ओळखले होते. त्या आधाराची पुढे किती कारखान्यांनी कदर केली, हे महाराष्ट्राला वेगळे सांगावयास नको. सभासदांची संख्या हजारोंनी वाढली, हिशेब जाड वह्यांत गेले, वार्षिक सभा मंडपात भरू लागल्या आणि प्रश्न विचारणाऱ्याला खाली बसवण्याची रीत पडली. ज्या गोष्टी बांधावरून दिसत होत्या त्या दिसेनाशा झाल्या.

फडाचेही असेच काहीसे झाले. नद्यांवर वरच्या अंगाला धरणे बांधली गेली, पाणी नदीच्या मर्जीऐवजी सरकारी खात्याच्या वेळापत्रकाने येऊ लागले. विहिरी, तेलाची इंजिने आणि पुढे विजेचे पंप आले, तेव्हा ज्याला त्याला आपले पाणी स्वतंत्र मिळवता येऊ लागले. पंचांनी एकत्र बसण्याचे कारणच हळूहळू नाहीसे झाले, आणि कारण गेले तशी सवय गेली. सरकार वाईट हेतूने आले नव्हते; पण जेथे लोकांना एकमेकांची गरज उरत नाही तेथे त्यांच्यातला जुना विश्वास वापराविना मरतो, आणि मग एखादा दुष्काळ येतो तेव्हा खात्याच्या कचेरीवर मोर्चा नेण्यापलीकडे त्यांच्या हाती काही राहत नाही. हॉब्सची तलवार ज्या अविश्वासावर उपाय म्हणून आली, तोच अविश्वास ती पुष्कळदा वाढवून ठेवते, असे मला वाटते ते यामुळेच.

तरीही हा मार्ग परत फिरवता येतो, याचा दाखला बागलाण ज्यात मोडते त्याच नाशिक जिल्ह्यात आहे. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्यावर शेवटाच्या टोकाला पाणी पोहोचतच नव्हते. १९९० च्या दशकाच्या आरंभी ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या कार्यकर्त्यांनी, बापू उपाध्ये आणि भरत कावळे प्रभृतींनी, याच शेवटाच्या शेतकऱ्यांना एकत्र करून पाणीवापर संस्था स्थापन केल्या. त्यांची मागणी साधी होती. आम्हांला पाणी मोजून द्या, त्याची पट्टी आम्ही भरू, आणि आतली वाटणी आमची आम्ही करू. पाणी एकरावर न आकारता घनमापाने मोजले जाऊ लागले, तेव्हा वरच्याने किती घेतले आणि खालच्याला किती आले हे आकड्यांत दिसू लागले. बांधावरून जे पूर्वी डोळ्यांनी पाहता येत होते ते आता मोजपट्टीवर वाचता येऊ लागले. हळूहळू संस्था वरच्या अंगाकडे पसरत गेल्या आणि पुढे साऱ्या प्रकल्पाचेच पाणीवाटप शेतकऱ्यांच्या हाती आले. २००५ साली राज्याने सिंचनव्यवस्था शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा केला, त्यात संस्थेच्या संचालक मंडळावर कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागाला सारखे प्रतिनिधित्व ठेवले. फडाने जे जमिनीच्या तुकड्यांनी साधले होते, ते येथे जागांच्या वाटणीने साधण्याचा यत्न आहे.

मात्र या संस्थांचे सभासदत्वही जमिनीच्या धारणेवरच चालते. सातबाऱ्यावर जिचे नाव नाही ती शेतकरी स्त्री, वाट्याने जमीन कसणारे कूळ, आणि उन्हात दांड धरून पिकाला पाणी देणारा सालदार यांना पाळीच्या सभेत मत नाही. नायगावचे भूमिहीनाच्या हिश्श्याचे कलम त्या कायद्यात अद्याप यावयाचे आहे.